डगल्याचं वजन

“एकदम,” आबा म्हणाले. “मी टेबलावर हात टेकला की.”

वजनकाट्यांच्या कारखान्यातल्या लांब टेबलाभोवती चौघं बसले होते. रविवार असल्यामुळे रस्त्याकडचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि त्याच्याखालून आत आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात आईला फक्त सगळ्यांची पावलं स्पष्ट दिसत होती. टेबलावर सोनाराचा एक नाजूक काटा होता, काचेच्या पेटीतला, दुरुस्तीला आलेला. तो बाजूला सरकवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पलीकडे बसलेल्या नवऱ्याचा चेहरा तिला त्या काचेतून जरा वाकडा दिसत होता.

या कारखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक काटा दोघांनी तपासायचा, एकमेकांना न विचारता. मग समोरासमोर उभं राहून दोघांनी आपापला आकडा एकाच वेळी बोलायचा, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून आपलं बदलायला सवड मिळत नाही. लग्न होऊन आली तेव्हा आईला या सगळ्याची गंमत वाटायची. आमटीत मीठ बरोबर आहे का, हे विचारलं तरी सासरे आणि नवरा एकमेकांकडे बघून एकदम उत्तर द्यायचे. ती ऑफिसात सांगून मैत्रिणींना हसवायची.

आज तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते.

बाल रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी गेल्या भेटीत जे सांगितलं त्यावरून हे सगळं सुरू झालं. मुलगी म्हणून जन्मलेलं तिचं बारकं गेली तीन वर्षं स्वतःबद्दल मुलासारखं बोलत होतं, आणि त्यातला निम्मा काळ रुग्णालयाच्या एका मजल्यावर बोलण्यात, तपासण्यांत आणि वाट बघण्यात गेला होता. आता इंजेक्शनाचा प्रश्न होता. दर तीन महिन्यांनी एक. त्याने वयात येणं जिथल्या तिथे थांबतं, आणि औषध बंद केलं की पुन्हा सुरू होतं. दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. “घाई करा असं मी कधीच म्हणणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, “पण पुढच्या महिन्यापासून इथे नवीन कुणाचं सुरू करता येणार नाही. वरून तसं ठरलंय. ज्यांचं चालू असेल त्यांचं चालू राहील. हे तुमच्यापासून लपवणंही मला बरोबर वाटत नाही.”

घरी आल्यावर भांडणं झाली, मग अबोला. शेवटी आबाच म्हणाले, आपल्याला एकच गोष्ट येते, ती करू. प्रत्येकाने बारक्याला एकटं गाठायचं, एकच प्रश्न विचारायचा, तुला हे हवंय का. उत्तर कुणी कुणाला सांगायचं नाही. रविवारी टेबलावर बोलायचं.

आबांचा हात टेबलावर टेकला.

“हवंय,” आई म्हणाली.

“घाबरलंय,” आत्या म्हणाली.

“नको म्हणालं,” आबा म्हणाले.

“तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणालं,” बाबा म्हणाले. त्यांचं वाक्य लांब होतं, म्हणून शेवटचे दोन शब्द एकटेच ऐकू आले.

 आईने आबांकडे पाहिलं. त्यांनी हात उचलला नव्हता.

“चार जण, चार आकडे,” ते म्हणाले. “काटा अजून हलतोय. हलत्या काट्यावर वजन घेत नाहीत. थांबायचं.”

“थांबायचं म्हणजे नाही म्हणायचं, आबा. पुढच्या महिन्यात दार बंद होतंय.”

“दारं उघडतात परत.”

“त्याचं शरीर थांबून राहणार आहे का तोवर?”

“मी फक्त निघालं ते सांगितलं, सूनबाई. मी माझ्या मनाचं काही बोललो नाही.”

“तुम्ही कधीच तुमच्या मनाचं बोलत नाही,” आई म्हणाली. “तुमचा काटाच नेहमी बोलतो.” मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेटीच्या काचेवरचा एक डाग अंगठ्याने पुसत होता. डाग आतल्या बाजूला होता.

*

आत्याला या टेबलावर बसायची सवय राहिली नव्हती. चौकात तिचं औषधांचं दुकान होतं, त्याच्याच मागच्या खोलीत ती राहायची, आणि माहेरी फक्त असं काही असलं की तिला बोलावणं यायचं. वहिनीला ती आपल्या बाजूची वाटायची, कारण ती शिकलेली होती. आबांना ती त्यांच्या बाजूची वाटायची, कारण ती सावध होती. खरं म्हणजे गेल्या महिनाभरात तिने दोन्ही बाजूंचं जेवढं सापडलं तेवढं वाचलं होतं आणि तिला रात्री झोप येत नव्हती. हे सांगायला तिच्याकडे कुणी नव्हतं.

“ताई, तू सांग यांना,” वहिनी म्हणाली. “तुला कळतं त्यातलं.”

“मला कळतं म्हणूनच धड बोलता येत नाही. हाडांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते दरवर्षी हाडं तपासतात. वीस वर्षांनी काय, ते डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाहीत. आणि न देण्याचेही परिणाम असतात, ते मोजायला यंत्र नाही. बस, एवढंच कळतं मला.”

“बघा,” आबा म्हणाले.

“बघा काय, आबा? मी तुमच्याकडून नाही बोलले.”

“माझ्याकडूनही नाही,” वहिनी पुटपुटली.

 पण चार आकडे आत्याच्या डोक्यातून जाईनात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असं झालं की सर पहिल्यांदा नमुन्याला दोष द्यायचे नाहीत, मोजणाऱ्याला द्यायचे.

“एक विचारू?” ती म्हणाली. “प्रश्न एकच ठरला होता ना? तो प्रत्येकाने नेमक्या कुठल्या शब्दांत विचारला?”

“ठरल्याप्रमाणे,” आबा म्हणाले.

“मी नाही विचारला ठरल्याप्रमाणे. मी त्याला दुकानात बसवून आधी अर्धा तास हाडांबद्दल सांगितलं. सांगाड्याचं चित्र दाखवलं. मग विचारलं. घाबरलंय म्हणजे मीच घाबरवलंय.”

वहिनी नखाने टेबलाची कड खरवडत होती. “मी विचारलं, हवंय ना तुला?” ती म्हणाली. “ना लावला मी. आणि त्याचा हात हातात घेतला होता.”

“आबा?”

आबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा आत्याला नेहमी परका वाटायचा, एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखा.

“मी म्हणालो, आबा आहे तोवर थांबशील का. नको मग इंजेक्शन, असं म्हणालं.”

“आबा.”

“तोंडातून तसं निघालं.”

वहिनी उठून उभी राहिली आणि मग, जायला कुठे नसल्यासारखी, परत बसली. रस्त्यावरून एक सायकल गेली. तिची सावली शटरखालून आत येऊन सगळ्यांच्या पावलांवरून फिरून गेली.

“तू?” आत्याने भावाला विचारलं.

त्याने डाग पुसणं थांबवलं.

“मी नाही विचारलं.”

“म्हणजे?”

“विचारलंच नाही. रोज ठरवायचो. जिन्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. मग आज सकाळी म्हटलं, काय म्हणेल ते. तुम्ही म्हणाल तसं, असंच म्हणेल. गरीब आहे आपलं पोर.”

आत्याने आबांकडे पाहिलं. न तोलता आकडा देणं, याला या घरात चोरीपेक्षा खालचं समजायचे. आबांचा सख्खा धाकटा भाऊ याच एका गोष्टीवरून या टेबलावरून उठून गेला होता. त्यानंतर तो लग्नकार्यातही दिसला नाही. आणि तो वारला तेव्हा त्याच्या तेराव्याला जायचं की नाही, यावर आबा दोन दिवस बसून होते आणि गेले नव्हते.

“का?” आबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं,” भाऊ म्हणाला.

आबा बराच वेळ हातातल्या चष्म्याच्या काड्या उघडत मिटत राहिले. आत्याला वाटलं, आता ते उठतील. पण त्यांच्या खांद्यांत उठायचं बळ दिसत नव्हतं.

“जा,” ते म्हणाले. “तोलून ये.”

*

बारकं वर पलंगावर भिंतीला टेकून बसलं होतं. खालचं बोलणं शब्दांत कळत नव्हतं, पण कोण बोलतंय ते कळत होतं, आणि कधी कुणीच बोलत नाही तेही.

अंगावर आबांचा जुना डगला होता, जाड कापडाचा, ढगळ, कारखान्यात घालायचा. दोन वर्षांपूर्वी खुंटीवरून काढून घातला तो बारक्याने उन्हाळ्यातही सोडला नव्हता. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, बघा, धंद्याचं वेड कुणी घेतलं. बारकं हसायचं. डगल्यात पुढून काही दिसत नाही, हे त्यांना कसं सांगणार? पोहायला जाणं बंद झालं त्याचंही कारण आबा सांगायचे की कारखान्यात रमतं.

सकाळी जाग आली की पहिल्यांदा भीती यायची. घरात आपल्याला न विचारता भाडेकरू ठेवलाय आणि तो रोज थोडं थोडं सामान आणतोय, तशी. कालपर्यंत रिकामा असलेला कोपरा आज त्याचा. घरमालकाने फक्त बघत राहायचं. हे बारक्याने एकदा रुग्णालयातल्या बाईंना सांगितलं होतं, घरी कुणालाच नाही. घरी प्रत्येकाला ज्याचं त्याला झेपेल तेवढंच सांगायचं, ही सवय कधी लागली ते त्यालाही आठवत नव्हतं.

तपासणी चाललीय हे पहिल्याच प्रश्नाला कळलं होतं. याच घरात वाढलेल्या पोराला ते कळणारच. आईने विचारलं, आत्याने विचारलं, आबांनी विचारलं. बाबा राहिले होते. बाबा जिन्यात येऊन थांबायचे तेव्हा तिसरी पायरी कुरकुरायची आणि मग परत कुरकुरायची. आत पुस्तक उघडं धरून बारकं दोन्ही कुरकुरींच्या मधला वेळ ऐकत राहायचं.

आत्ता पायरी एकदाच कुरकुरली. बाबा दारात उभे होते.

“झोपलं नाहीस?”

“दुपारी कधी झोपतो मी?”

“हं.” ते आत आले. बसायला पलंगच होता, पण ते टेबलाला टेकून उभे राहिले. “गरम नाही होत त्या डगल्यात?”

“होतं.”

“हं.”

“तुमचंच राहिलं होतं,” बारकं म्हणालं.

बाबांनी मान खाली घातली. “मी खाली खोटा आकडा दिला,” ते म्हणाले. “तुझ्या नावावर.”

“काय दिलात?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

बारक्याने विचार केला. “बरोबर होता तसा. विचारलं असतंत तर तसंच सांगितलं असतं मी.”

“ते काही बरं नाही झालं.”

“नाही.”

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. एक बाही वाऱ्याने उलटून दोरीवर अडकली होती.

“मग विचारा आता,” बारकं म्हणालं.

“कसं विचारू ते कळत नाही. कसंही विचारलं तरी तू माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देशील.”

“मग एकदम बोलू.”

“काय?”

“तुम्ही तुमचं, मी माझं. उद्या सुरू करायचं का, एवढंच. डोळे मिटून. तीन म्हटलं की.”

बाबांना हसू आल्यासारखं झालं, पण ते आलं नाही. त्यांनी डोळे मिटले. बारक्याने ते मिटलेत याची खात्री केली, मग आपले मिटले.

“एक. दोन. तीन.”

“हो,” बारकं म्हणालं.

खोलीत तो एकच आवाज झाला. बारक्याला वाटलं, डोळे उघडूच नयेत.

“हो,” बाबा म्हणाले.

“उशीर झाला तुम्हाला.”

“हो.”

“उशिरा आलेला आकडा धरत नाहीत आपल्याकडे.”

“माहीत आहे. माझ्याच बापाचा नियम आहे तो.” बाबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि ते पलंगावर बसले, टोकाला, पाहुण्यासारखे. “परत म्हण.”

“एक. दोन. तीन.”

“हो,” बारकं म्हणालं, आणि त्याच क्षणी बाबा म्हणाले, “माहीत नाही.”

डोळे उघडले तेव्हा बाबा जमिनीकडे बघत होते.

“नाही जुळलं,” ते म्हणाले.

“पण खरं होतं ना?”

“एवढं खरं मी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.”

बारक्याने डगल्याच्या बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. “माहीत नाही म्हणणाऱ्या माणसाची सही चालते का?”

“चालत असावी,” बाबा म्हणाले. “सगळे आईबाप तशाच करत असणार.” मग जरा थांबून, “तुला माहीत आहे ना?”

“मला भीती पण वाटते. आत्याला ते खोटं नव्हतं सांगितलं.”

“आणि तरी हो.”

“तरी हो.”

बाबांनी हात पुढे केला. तो कुठे ठेवावा हे न कळून अखेर डगल्याच्या कॉलरवर ठेवला, आणि कॉलर सारखी केली.

*

“काय निघालं?” मुलगा खाली आल्यावर एवढंच आबांनी विचारलं होतं. “आमचं जुळलं नाही,” मुलगा म्हणाला, “पण मी सही करणार आहे.” त्यावर सून रडली, लेक आपल्या दुकानाकडे गेली, आणि आबा शटर पूर्ण ओढून घेऊन तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात जायला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तुम्ही कशाला, असं कुणी म्हणालं नाही. या, असंही कुणी म्हणालं नाही.

रुग्णालयाच्या त्या मजल्यावर सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या होत्या. आबांचे गुडघे छातीशी आले. मुलगा आणि सून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले होते. आधी पालकांशी बोलायचं, मग बारक्याला आत बोलवायचं, असं ठरलं होतं. खोलीबाहेरच्या बोळात एक नर्स वजनाचं यंत्र घेऊन उभी होती. यंत्राचा एक पाय फरशीच्या फटीवर होता. आबांना ते दिसलं. ते काही बोलले नाहीत, पण नर्सची पाठ वळली तेव्हा त्यांनी बुटाच्या टोकाने यंत्र तसूभर सरकवलं.

“चला, वजन करू या,” नर्स बारक्याला म्हणाली. “तो कोट काढून ठेव बघू.”

बारकं हललं नाही.

“जड आहे रे तो. वजन चुकेल ना. डोस त्यावर बघतात.”

बोळात इतर लोक होते. एक बाई कडेवरच्या मुलाला थोपटत होती, दोन मुलं जमिनीवर गाड्या खेळवत होती. बारक्याने दोन्ही हातांनी डगला पुढून धरला होता, पोटाशी नव्हे, वर. आबांनी ते हात पाहिले. खुंटीवरून डगला उतरला त्या दिवसापासूनचं सगळं, उन्हाळे, बंद झालेलं पोहणं, स्वतःची बढाई, त्यांच्या डोळ्यांसमोरून एका रांगेत गेलं.

“राहू द्या त्याच्या अंगावर,” ते म्हणाले.

नर्सने वळून पाहिलं.

“माझा आहे तो. सहाशे चाळीस ग्रॅम. नवा काटा आला की आम्ही खुंटीवरचा डगलाच ठेवून बघायचो. तेवढं वजा करा.”

नर्स हसली. तिने बारक्याला डगल्यासकट उभं केलं, आकडा पाहिला, मनातल्या मनात वजाबाकी करून लिहून घेतलं आणि यंत्र ढकलत पुढे निघून गेली.

बारकं येऊन आबांच्या शेजारच्या खुर्चीत बसलं. ती खुर्ची त्याला अगदी बरोबर होत होती.

“आबा, तुम्हाला मी खोटं सांगितलं. नको म्हणालो ते.”

“माहीत आहे.”

“कधी कळलं?”

“तू बोलत होतंस तेव्हाच.”

बारक्याने त्यांच्याकडे पाहिलं. “मग टेबलावर का सांगितलंत?”

आबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे मुलांची उंची मोजायला एक जिराफ रंगवला होता.

“मला हवं होतं तेवढंच भरलं होतं,” ते म्हणाले. “तसं भरलं की माणूस दुसऱ्यांदा तोलत नाही.”

 बारक्याने मान हलवली नाही, आणि आबांनाही ती हलावी असं म्हणायचा धीर झाला नाही. इतकी वर्षं ज्या पोराला ते आपलं म्हणत आले, ते हातभर अंतरावर बसलं होतं आणि त्याच्याबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे हे मोजायला घेतलं तर हाती फक्त एका कपड्याचं वजन लागत होतं.

दार उघडलं. सुनेने मान बाहेर काढून बारक्याला हात केला.

बारकं उठलं. दारापर्यंत गेलं, परत आलं. मग भिंतीकडे तोंड करून त्याने भराभर डगला काढला आणि आबांच्या मांडीवर ठेवला.

“धरा. आत तपासणार आहेत.”

आतल्या शर्टात ते किती किरकोळ दिसत होतं. ते हात छातीशी धरून चार ढांगांत दाराआड गेलं आणि दार लागलं.

आबांनी डगल्याची घडी घालायला घेतली. दुसऱ्या घडीला बोटांना काहीतरी टणक लागलं. आतल्या खिशात पन्नास ग्रॅमचं पितळी वजन होतं, कधीचं तरी राहून गेलेलं, झिजून गुळगुळीत झालेलं. म्हणजे मघाचा आकडा चुकला होता. फार नाही. एवढ्याने औषधात काही फरक पडत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकवले आणि त्या लहान खुर्चीतून सावकाश उठले. एका हातावर डगला, दुसऱ्या मुठीत वजन. बोळाच्या टोकाला नर्सचं टेबल होतं. तिथे कुणी नव्हतं.

आबा टेबलापाशी उभे राहिले. ती परत येईपर्यंत त्यांनी वाक्य मनात तयार करून ठेवलं, मघाशी मी चुकीचं सांगितलं, पुन्हा लिहून घ्या.